दसऱ्यापर्यंतची जबान

मी आयुष्यभर लोकांच्या नव्या घरांना नावं ठेवली आणि त्याच गोष्टीचा मान मिळवला. संपादकांचं पत्र आलं, मिस्त्रीकामाच्या आठवणी पाहिजेत म्हणून, तेव्हा घरात हशा झाला. सून म्हणाली, अब्बा, दिवाळीचा अंक लोक चिवडा खाता खाता वाचतात, तुम्ही त्यांना ओल आणि वाळवी वाढणार का? वाढणार, दुसरं मला येत नाही. माझी शाळा उर्दूत झाली, मराठी मी मोठेपणी पाट्या आणि पोस्टकार्डं वाचून शिकलो. ऱ्हस्वदीर्घ नातीनं तपासलेत. तेव्हा लिहिण्यातल्या चुका तिच्या धराव्यात आणि घरं तपासण्यातल्या माझ्या. त्यातली एक सांगण्यासाठीच खरं तर मी होकार दिला.

आधी धंदा सांगतो. निजामाचं राज्य गेलं, आमचा जिल्हा आधी हैदराबादेत राहिला, मग मुंबई राज्यात गेला आणि शेवटी महाराष्ट्रात आला. तोवर आमच्याकडं घर विकत घ्यायची पद्धतच नव्हती. आपल्या जागेवर आपण घर बांधायचं, गवंड्याला रोज चहा पाजायचा आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून काम करून घ्यायचं. पण नवं राज्य आलं तशा कचेऱ्या आल्या, शाळा वाढल्या, मास्तर आणि कारकून बदलीवर आले. मग भूमला, परंड्याला, नळदुर्गला ठेकेदार लोक तयार घरं बांधून विकायला लागले. बाहेरून चुन्यानं पांढरीशुभ्र, आत काय ते अल्लाला ठाऊक. घेणारा माणूस नवखा असायचा, कोनाडे मोजायचा आणि खूश व्हायचा. त्याच्या वतीनं घराला नावं ठेवायला कुणीतरी लागे. तो मी.

हत्यारं फारशी नव्हती. भिंत सरळ आहे का पाहायला ओळंबा, जमिनीचा उतार पाहायला तांब्याभर पाणी, गिलावा टोकरायला एक खिळा आणि ठोकायला बाभळीची काठी. आमच्याकडं छपराला माळवद म्हणतात, लाकडाच्या तुळया, त्यावर चिपा, म्हणजे लाकडाचे पातळ तुकडे, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्यावर चार घागरी पाणी ओतून खाली तासभर बसायचं. पण खरं काम कानाचं. भरीव जमीन काठीला एक उत्तर देते, पोकळ जमीन दुसरं. वाळवी लागलेली तुळई ठोकली की सर्दी झालेल्या माणसासारखी बोलते. विकणाऱ्याकडंही लक्ष ठेवावं लागे. नळदुर्गला एका ढाबेवाल्यासाठी घर बघायला गेलो होतो, तिथला ठेकेदार पूर्ण वेळ एकाच भिंतीला पाठ लावून गप्पा मारत उभा. मी प्यायला पाणी मागितलं. तो आणायला हलला आणि त्याच्यामागं हात जाईल एवढी भेग निघाली. पुढं आमची चांगली दोस्ती झाली.

माझ्या उस्तादांचा एक नियम होता, तो मी पाळला. घर चांगलं आहे म्हणून सांगितलं की ते सांगणं दसऱ्यापर्यंत बांधील. उन्हाळ्यात कुठलंही घर चांगलंच दिसतं, त्याची परीक्षा पावसाळा घेतो. म्हणून दसऱ्याच्या आत काहीही निघालं, गळलं, खचलं, फुगलं, तरी निरोप आला की मिस्त्रीनं आपलं घमेलं घेऊन जायचं आणि घर नीट करून द्यायचं. कागद नाही, सही नाही. लोक याला ‘करीम मिस्त्रीची जबान’ म्हणायचे. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवत नसे.

मग एका वर्षी वैशाखात भूमहून माधव गुरुजींचा निरोप आला. जवळच्या खेड्यातलं शेतकरी घर, घरातला हा पहिलाच नोकरदार. वडील नव्हते. आई, तिला सगळे आक्का म्हणत, आणि नव्यानं घरात आलेली बायको सुमन. गावाच्या कडेला मोकळ्या मैदानावर एका ठेकेदारानं पाच घरं ओळीत बांधली होती, त्यातलं शेवटचं गुरुजींनी ठरवलं होतं. अक्षयतृतीयेला वास्तुशांत करून ते राहायलाही आले होते, पण उरलेले पैसे चुकते करायच्या आधी मी बघावं अशी आक्कांची अट होती. आक्का उंच, सडसडीत, बोलायला थोड्या आणि बघायला तीक्ष्ण. मला म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, माझ्या लेकाला पुस्तकातलं कळतं, भिंतीतलं न्हाय. तुमी नीट बगा.’’

मी नीट बघितलं. अर्धा दिवस लावला. माळवदावर घागरी ओतल्या, तुळया ठोकल्या, पुढचा सोपा, माजघर, स्वयंपाकघर हातभर हातभर अंतरानं ठोकत गेलो. काम बरं होतं. शेवटी मागच्या कोपऱ्यात देवघर आलं. जमिनीला तिकडं उतार असल्यामुळं ठेकेदारानं ती खोली दोन पायऱ्या खाली घेतली होती. दिव्याला वारा नको म्हणून खिडकी ठेवली नव्हती. दारही नव्हतं, नुसती चौकट. मी चौकटीपाशी थांबलो. वास्तुशांत झालेली, देव बसलेले, आणि मी मुसलमान माणूस, दिवसभर मातीत हात घातलेला. मला कुणी अडवलं नाही. पण आत येऊ का, हे विचारणं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणं, असं आमच्या घरात शिकवलं होतं. हो म्हणावं तर त्यांच्या मनाला लागेल, नको म्हणावं तर माझ्या. अशा कित्येक घरांत मी उंबऱ्यावर थांबलो होतो आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मी नजर खाली घातली, काठी लांब करून उंबऱ्यापुढची वीतभर जमीन ठोकली, भरीव वाजली. मागं वळून म्हणालो, आक्का, घर झकास आहे. दसऱ्यापर्यंत माझी जबान.

आषाढात गुरुजींचं कार्ड आलं. घर कुठंही गळत नाही, पण देवघरात दिवा टिकत नाही. तेल बदललं, वात बदलली. कुठून तरी वारा येत असावा. जबान दिलेली, मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं भूमला.

घरात शिरताच काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. सुमन चहा घेऊन आली ती मान खाली घालून. गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दिवा विझायला लागला तेव्हा आक्कांनी आधी सुनेला बोल लावला, तिचं सोवळंओवळं नीट नाही म्हणून. आठवडाभर तिला देवघरात पाऊल टाकू दिलं नाही, स्वतः दिवा लावला. तरी विझला. मग त्यांचा सूर बदलला. आता त्या तिथं तास तास बसतात आणि बाहेर येतात त्या लाल डोळ्यांनी, भिंतीला धरत, पण चेहऱ्यावर असं समाधान की विचारायची सोय नाही.

दिवा कसा विझतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. सुमननं निरांजन लावून जमिनीवर देव्हाऱ्यापुढं ठेवलं. मी चौकटीत उभा होतो. वाऱ्यानं विझणारी ज्योत आधी फडफडते, वाकते, झगडते. ही हलली नाही. सरळ उभी राहिली, मग बुटकी झाली, मग पिवळ्याची निळी झाली आणि वातीत उतरून नाहीशी झाली. धूरसुद्धा वर आला नाही, तो जमिनीवरच पसरला, चादर अंथरावी तसा. घरातलं मांजर माझ्या पायाशी येऊन चौकटीत थांबलं, खाली बघितलं आणि पाठ फिरवून गेलं. माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो. वास येत होता, आंबलेल्या पिठासारखा, फार नाही. आणि फरशीखालून आवाज आला. मंद आचेवर काही शिजत असलं की झाकणाखाली जसा बुडबुडा फुटतो, तसा. एकदा. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. मी मनाशी म्हणालो, मागच्या गटाराचं पाणी असेल.

आक्का माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. ‘‘तुमाला बी आलं व्हय ऐकायला?’’ त्यांनी विचारलं. आवाजात आनंद होता. त्यांनी सांगितलं ते असं. देवापुढं बसलं की आधी अंग जड होतं. मग पाठीमागून कुणीतरी हळूहळू पोतं ओढत नेल्यासारखं वाटतं. मग कानात संबळ वाजायला लागतो, लांबून, मग जवळून. तुळजापूरची आई येते आणि दिवा घेते. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत एवढा उजेड मी क्वचित पाहिला आहे. त्यांच्या श्रद्धेपुढं मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर मलाही ते खोटं वाटत नव्हतं. त्या खोलीत काहीतरी होतं, एवढं मलाही कळत होतं.

पण मी मिस्त्री होतो, मला उपाय सांगायला बोलावलं होतं. मी चौकटीत उभा राहून हवेत ओला हात धरला. छातीच्या उंचीला थोडी झुळूक लागली, माजघराकडून येणारी. सापडला चोर, असं मला वाटलं. मी दोन उपाय केले. एक, चौकटीला चांगल्या फळ्यांचं दार बसवून दिलं, फट राहू नये म्हणून कडेला कापडाची पट्टी ठोकली. बाहेर उभा राहूनच बसवलं. दुसरा, दिवा जमिनीवर न ठेवता वरच्या कोनाड्यात ठेवा म्हणून सांगितलं. कोनाडा माणसाच्या डोक्याइतका उंच होता. सुमननं तिथं दिवा ठेवला. तेवला. तासभर, दोन तास, छान स्थिर ज्योत. गुरुजी खूश, सुमनच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. तिच्यावरचं किटाळ गेलं होतं. निघताना तिनं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘‘मिस्त्रीदादा, माझा संसार सावरला बगा तुमी.’’ मी एस.टी.त बसून परंड्याला घरी पोचेपर्यंत स्वतःवर खूश होतो.

श्रावण सरता सरता दुसरं कार्ड आलं. आक्का गेल्या. गुरुजींनी लिहिलं होतं की सकाळी पूजेला बसल्या, दार लावून घेतलं, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत म्हणून उघडलं तर देव्हाऱ्यापुढं बसल्या जागी पुढं वाकलेल्या. वर कोनाड्यात दिवा तेवत होता. असं मरण हजारात एकाला येतं. सगळं गाव दर्शनाला आलं, बायका त्या उंबऱ्याला हळदकुंकू लावून जातात. तुमच्या हातचं दार, तुम्ही सांगितलेला कोनाडा, म्हणून हे पुण्य तुमच्याही वाट्याचं आहे, असंही त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती. आक्कांचा नेम मोडू नये म्हणून आता रोज सुमन बसते.

मी कार्ड घरात वाचून दाखवलं. बायको म्हणाली, नेक बाई होती. मीही तसंच म्हणालो. मन मात्र कुठंतरी अडकलं होतं आणि कुठं ते कळत नव्हतं.

कळलं ते चार दिवसांनी, आमच्याच गल्लीत. शेजारच्या पाटलांनी पेव उघडायला काढलं होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत विहिरीसारखा खड्डा खणायचा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवायचा आणि वरून माती लोटायची. पाच-पाच वर्षं धान्य राहतं. पण बंद पेवात हवा मरते, आणि पाणी शिरून धान्य कुजलं तर ती हवा माणसाचा जीव घेते. म्हणून पेव उघडलं की आधी अर्धा दिवस तसंच ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील विझला तर कुणी उतरत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मी ओट्यावर बसून बघत होतो. पाटलांनी कंदील सोडला. ज्योत फडफडली नाही. सरळ उभी राहिली, बुटकी झाली, निळी झाली आणि वातीत उतरली. आणि मोकळ्या तोंडातून वास आला, आंबलेल्या पिठाचा.

दोन्ही गोष्टी जुळायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. पाटील म्हणाले, करीम, काय झालं, बस खाली. मी बसलो नाही. घरात जाऊन काठी घेतली आणि स्टँडकडं पळत सुटलो. भूमची गाडी लागलेलीच होती. ती रस्त्यात हात करील त्याच्यासाठी थांबत होती, आणि मी खिडकीशी बसून एकच हिशोब परत परत करत होतो. जड हवा खाली बसते. दोन पायऱ्या खाली खोली. खिडकी नाही. आधी चौकट मोकळी होती तेव्हा थोडी तरी बाहेर सांडत होती. मग मी दार लावलं, फटी बुजवल्या. दिवा विझून विझून सांगत होता, तो मी उचलून वर ठेवला. मी दिव्याला वाचवलं होतं आणि खाली बसणाऱ्या माणसाला तिथंच ठेवलं होतं.

घरापुढं सात-आठ बायका होत्या. उंबऱ्यावर हळदकुंकवाचा थर. गुरुजी शाळेत गेलेले. मी विचारलं, सुमनताई कुठं? एक म्हातारी हळू आवाजात म्हणाली, ‘‘आत बसलीय. लई येळ झाला. तिलाबी आता ऐकू यायला लागलंय म्हणत हुती.’’

मी दार वाजवलं. मग ढकललं. पावसानं फळ्या फुगलेल्या, माझंच दार, माझ्याच हातची कापडाची पट्टी, ते हलेना. मी खांद्यानं धडक दिली. बायका ओरडल्या. तिसऱ्या धडकेला दार उघडलं आणि मी चपलांसकट त्या दोन पायऱ्या उतरलो. वर दिवा शांत तेवत होता. सुमन भिंतीला टेकून बसलेली, हात जोडलेले, मान छातीवर, ओठ जांभळट. मी तिला उचलायला खाली वाकलो आणि माझ्या कानात संबळ वाजायला लागला. खरंच वाजला. आधी लांबून, मग जवळून, आणि अंग असं जड आणि ऊबदार झालं की क्षणभर वाटलं, इथंच बसावं. आक्का खोटं बोलल्या नव्हत्या. मी श्वास कोंडला, तिला काखेत धरलं आणि ओढत वर माजघरात, तिथून अंगणात आणलं. तिथं मीही पडलो. बायकांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली. तो आवाज ऐकून मीही रडलो, सगळ्यांसमोर.

गुरुजी धावत आले. मी फक्त कंदील मागितला. उंबऱ्यात उभं राहून दोरीला बांधला आणि देवघरात सोडला. डोक्याच्या उंचीला जळत होता. कमरेच्या उंचीला बुटका झाला. बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी आला आणि विझला. गुरुजी शेतकऱ्याच्या पोटचे. त्यांना दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. विझलेल्या कंदिलाकडं बघत ते म्हणाले, ‘‘पेव हाय.’’

दार मोकळं ठेवून, सुपांनी वारा घालून, तिसऱ्या प्रहरी आम्ही फरशी काढली. देव्हाऱ्याच्या बरोबर खाली काठी पोकळ बोलली. हातभर मातीखाली दगड, आणि दगडाखाली ते. पावसाचं पाणी झिरपून आत काळा चिखल झाला होता, त्यातून बुडबुडे येत होते आणि तोच मंद आवाज होत होता. खालून ऊब येत होती, जनावराच्या अंगासारखी. ठेकेदाराला बोलावलं. तो पांढराफटक पडला. शोध घेतल्यावर कळलं की त्या मैदानावर पूर्वी एका धान्यवाल्याचं आवार होतं. राज्य बदलायच्या धामधुमीत ते कुटुंब पेवाचं तोंड बंद करून निघून गेलं, कुठं ते कुणाला माहीत नाही. मागं घर पडलं, मैदान झालं. परत येऊन खाऊ म्हणून ठेवलेली ज्वारी होती ती.

बायका एकेक करून निघून गेल्या. जाताना कुणी उंबऱ्याकडं पाहिलं नाही. मला तेही लागलं. एका म्हातारीला सोन्यासारखं मरण आलं होतं, लेकाला त्याचा आधार होता, आणि मी येऊन ते काढून घेतलं. गप्प राहता आलं असतं का? ओल आहे म्हणून खोली बंद करा, एवढं सांगून पेव बुजवता आलं असतं. बसमध्ये हाही विचार माझ्या मनात आला होता, खोटं का बोलू. पण सुमन भिंतीला टेकलेली पाहिल्यावर तो उरला नाही.

अंगणात आम्ही तिघं राहिलो. सुमन घोंगडी पांघरून बसली होती. गुरुजींचा आवाज चढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘करीमभाई, वैशाखात तुमी सगळं घर ठोकलं. ती खोली का न्हाय ठोकली?’’

मी म्हणालो, देवघर होतं गुरुजी. देव बसलेले होते. मी आत कसा येणार? तुम्हाला अवघड व्हायला नको म्हणून विचारलं नाही.

 उत्तर दिलं ते सुमननं, माझ्याकडं न बघता, दमलेल्या आवाजात. ‘‘मिस्त्रीदादा, तुमी येनार म्हनून आक्कांनी सकाळीच देव्हाऱ्यातले समदे देव, टाक उचलून माज्या ओटीत घातले हुते. सयपाकघरात घिऊन बस म्हनल्या. मिस्त्रीला संकोच नगं, पार कोपऱ्यापतुर ठोकून बगू दे म्हनल्या. तुमी उंबऱ्यावरनंच माघारी फिरलात. मी म्हनलं, बोलवू का? तर म्हनल्या, नगं, त्येंच्या धर्मात बसत नसंल, कशाला अडचनीत टाकायचं.’’

घराचं काम मी दसऱ्याच्या आत पुरं केलं. पेव उपसून मुरूम आणि दगडांनी गच्च भरलं, वर फरशी बसवली, भिंतीत मोठी खिडकी पाडली, ते दार मोडून चुलीला दिलं. जबान पाळली असं लोक म्हणाले, आणि त्यानंतर मला काम जास्तच मिळालं. कुठल्याही घरात गेलो की मी आधी देवघरापाशी जायचो आणि स्पष्ट विचारायचो, आत येऊ का? कुणी हो म्हणालं, कुणी नको म्हणालं. नको म्हणणाऱ्याला मी सांगायचो, मग या घराबद्दल मी काही बोलणार नाही.

माणसाच्या मुद्दाम लपवलेल्या भेगा मी खूप पकडल्या. पण त्या वैशाखातल्या दुपारी माझ्यासाठी एक अख्खं देवघर मोकळं करून ठेवलं होतं, आणि मी नजर खाली घालून उभा होतो, म्हणून देव्हारा रिकामा आहे हे मला दिसलंच नाही.